बेल्टच्या कुलपातली क्लिप

बाबा,

ती क्लिप मी आणली होती, एवढं आईला सांगायला मला बारा वर्षं लागली. काल सांगितलं.

सक्करदऱ्याच्या सीटकव्हरच्या दुकानात माझी पहिली नोकरी होती. तुम्ही भाड्याच्या गाडीतून उमरेडचे पेशंट घेऊन धंतोलीच्या दवाखान्यांत यायचे. नव्या गाडीत बेल्ट लावला नाही की टुंगटुंग सुरू व्हायचं आणि तुमचं डोकं उठायचं. "गाडी हाय का सासू? सारखी बोंबलून राहिली!" पोलीस दिसला की तुम्ही बेल्ट छातीवर ओढून हातानं नुसता धरायचे, चौक ओलांडला की सोडून द्यायचे. आमच्या दुकानात ते टुंगटुंग बंद करायच्या क्लिपा गल्ल्यापाशी टांगलेल्या असायच्या. पहिल्या पगारातून एक आणली, बेल्टच्या कुलपात खटकन बसवली. गाडी गप्प. "वा वं पोरी!" तुम्ही म्हणालात आणि मला आकाश ठेंगणं झालं.

वर्षभरात उमरेड रोडवर ट्रॅक्टरची ट्रॉली आडवी आली. एअरबॅग उघडली, तरी तुम्ही गेलात. लोक म्हणाले, असला फुगा काय कामाचा. मीही तेच म्हणाले, कारण मला तेव्हा खरंच ठाऊक नव्हतं.

आता मी गाड्यांच्या शोरूममध्ये असते, नवी गाडी ताब्यात देताना गिऱ्हाइकाला समजावते. धडक बसताच बेल्ट स्वतःला आवळून माणसाला सीटशी धरून ठेवतो, तेवढ्या क्षणात एअरबॅग गॅसनं भरते, आणि भरून झाल्यावर माणूस तिच्यावर टेकतो. बेल्ट नसेल तर माणूस आधीच पुढं फेकला जातो आणि उघडत्या बॅगेचा तडाखा सरळ छातीवर, तोंडावर घेतो. क्लिपमुळं गाडीला वाटतं, बेल्ट लागलाय. हे मी रोज सांगते, शांतपणे सांगते. पहिल्यांदा शिकले तेव्हा मात्र बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

काल आईला डोळे दाखवायला धंतोलीला नेलं. परतताना तिनं स्वतःच बेल्ट लावला आणि नेहमीसारखी म्हणाली, "तुह्या बाबानं एवढं केलं असतं तं! लय हट्टी माणूस." माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, ती क्लिप मी आणली होती."

"मले माहीत हाय वं. त्याच दिवशी मले गाडीत बसवून दाखवली त्यायनं. पोरीनं पयल्या पगारातून आणली म्हणे. साऱ्या स्टँडवर सांगत फिरले."

"मंग त्यायलेच काहून बोलत होती तू?"

"त्यायले बोललं तं त्यायचं काय जाते आता? तुले जगायचं होतं."

मी गाडी बाजूला घेतली. ती खिडकीबाहेर बघत बसली, तिनं मला रडू दिलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. आई तुम्हाला हट्टी म्हणायची ना, बाबा, तेव्हा दरवेळी मी "हो ना" म्हणायचे.