तीसपैकी अकरा

पिंपळे गुरव
१९ जानेवारी २०२५

इंदुताई,

नमस्कार. तुम्ही आणि भाऊजी बरे असाल. भाऊजींची चाकणची फर्स्ट शिफ्ट अजून चालू आहे का? या थंडीत पुनावळ्याच्या पुलाखाली कंपनीच्या बसची वाट बघत उभं राहायचं, म्हणजे त्यांचा खोकला वाढला असेल. संक्रांतीला मी तुमच्याकडे आले नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच. आईनं दोनदा विचारलं, "इंदुताईंकडे जाऊन आलीस का?" मी म्हटलं, कॉलेजचं काम आहे.

काम नव्हतं.

एम.एस्सी. नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू आहे. अभ्यासरजेवर असले तरी अधूनमधून आपल्या वॉर्डात जाते. चार नव्या मुली आल्यात. हुशार आहेत, पण सलाईन लावताना पेशंटशी बोलत नाहीत. कुणीतरी त्यांना शिकवायला हवं.

फोन करता आला असता. दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. बोलताना मी शब्द फिरवले असते. आठवड्याभरात तुम्हाला माझ्या कॉलेजच्या एथिक्स कमिटीकडून एक पाकीट येईल. संशोधनात कुणावर अन्याय होत नाही ना, हे बघणारी ती माणसं. पाकिटात काय आहे ते आधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते आहे.

माझ्या प्रबंधाचा विषय आठवत असेल. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग नर्सनं लवकर कसा ओळखावा. चाळीस सिस्टरांची आधी परीक्षा, मग चार दिवसांचं प्रशिक्षण, मग तीच परीक्षा पुन्हा. गेल्या एप्रिलमध्ये पेपर हातात आल्यावर तुम्ही तो उलटसुलट करून बघितलात.

"सगळं इंग्रजीतच का गं?"

"ताई, टिकच तर करायची."

मग तुम्ही आवाज खाली आणलात. "कुणाला कळायचं नाही ना?"

"नाव कुठंच नाही, ताई. फक्त नंबर. नावांची यादी माझ्या कुलपात."

तेवढ्या शब्दावर तुम्ही संमतीपत्रावर सही केलीत. तुम्हाला तीसपैकी अकरा मिळाले.

हा विषय मला सुचला तोच तुमच्यामुळे. नोकरीतला माझा दुसरा महिना होता. भोसरीच्या कंपनीतला एक कामगार, अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा. मी मॉनिटर बघून "सगळं नॉर्मल" लिहीत होते. तुम्ही जाता जाता थांबलात आणि त्याच्या कपाळाला हात लावलात. "मशीनकडं काय बघायलीस? चादर कशी चिवडायलाय ते बघ. श्वास मोज त्याचा, पुरा एक मिनिट." चौतीस भरले. तुम्ही डॉक्टरांना धावतच आणलंत. दहाव्या दिवशी तो माणूस स्वतःच्या पायांनी घरी गेला.

माझ्या पेपरातला बारावा प्रश्न नेमका हाच होता. तुम्ही तो कोरा सोडला होता.

मे महिन्यात मेट्रन विजयश्री मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. दुसऱ्या परीक्षेला त्यांची परवानगी लागत होती.

"गुणांची यादी दे. नावांसकट. कोण कुठं कमी पडतंय ते मला कळायला नको का?"

"मॅडम, ती गोपनीय असते."

"मग परवानगीचं पुढच्या वर्षी बघू."

त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. चहा संपायच्या आत मी यादी दिली, इंदुताई. त्यांनी हिसकावून घेतली नाही. मीच पर्समधून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे; त्यामागचं कारण तेवढं माहीत नव्हतं. जूनमध्ये तुम्हाला वॉर्डातून काढून तळघरात, उपकरणं निर्जंतुक करायच्या खोलीत पाठवलं. सव्वीस वर्षं पेशंटच्या उशाशी काढलेल्या बाईला. तुम्ही मला फोन केलात. "वर्षाली, मी कुठं चुकले गं? कुणी सांगंना."

मी म्हटलं, "माहीत नाही, ताई. वरूनच आलं असेल."

यादी देताना मी घाबरले होते. फोनवर घाबरायचं काहीच कारण नव्हतं. तरी खोटं बोलले.

जुलैअखेर तुम्ही राजीनामा दिलात. निरोपाचं भाषण मीच केलं, शालही मीच तुमच्या खांद्यांवर घातली. तुम्ही माझा हात सोडत नव्हतात. सगळ्यांना सांगत होतात, "ही माझी पोर. ही मोठी मॅडम होणार."

ऑक्टोबरमध्ये एका परिषदेत मी प्रबंधाचे निष्कर्ष मांडले. सरासरी गुण सतरावरून चोवीसवर गेले होते. टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतल्या एक वयस्कर बाई उठल्या.

"आधी चाळीस जणी होत्या, नंतर छत्तीस. त्या चौघी कुठं गेल्या?"

"तीन बदल्या, एक राजीनामा," मी म्हटलं.

"त्यांचे आधीचे गुण किती होते?"

मला ते पाठ होते. चौघीही पंचेचाळिशीच्या पुढच्या, मराठी शाळेतून आलेल्या, चौघीही यादीच्या तळाशी. त्यांना गाळल्यावर सरासरी थोडी आपोआपच चढली होती. मी "बघून सांगते" म्हणाले आणि खाली बसले.

दिवाळीनंतर मी तुम्हाला भेटायला माण गावात आले होते, हे तुम्हाला ठाऊक नाही. तिथल्या एका सोसायटीत तुम्ही आजारी आजींजवळ बारा तास असता, हे वॉर्डातल्या आयाबाई सुभद्राबाईंकडून कळलं होतं. गेटवरच्या वहीत नाव लिहीत होते, तेवढ्यात तुम्ही दिसलात. आजींची व्हीलचेअर उन्हात आणली होतीत आणि वाकून त्यांच्या पायात मोजे घालत होतात. अंगात निळा कोट, पाठीवर एजन्सीचं नाव, खाली "अटेंडंट". वॉचमननं विचारलं, "कुणाकडं जायचंय, मॅडम?" मी वहीतलं नाव खोडलं आणि परत फिरले.

दुसऱ्या दिवशी माझ्या गाइड शुभदा मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कमिटीला लेखी दिलंस तर प्रबंध जाईल, वर्ष जाईल. पुढं शिकवायची नोकरी मिळतानाही हे आड येईल. विचार कर." मी दारापर्यंत गेल्यावर त्यांनी हाक मारली. "तो पेपर मी तपासून पास केला होता. निम्म्या जणींना इंग्रजी जड जाईल, हे माझ्याही लक्षात आलं नाही. तेही लिही."

त्याच दिवशी लिहून दिलं, असं सांगायला मला आवडलं असतं. मी आठ दिवस घेतले.

कमिटीनं माझा अभ्यास रद्द केला. आता नवा विषय घेऊन वर्ष पुन्हा करायचं. हॉस्पिटलला त्यांनी कळवलं, की हे गुण कुणाच्याही फाइलीत ठेवू नका आणि त्यांवरून केलेल्या बदल्यांचा फेरविचार करा. त्या तिघी गेल्या सोमवारी आपापल्या वॉर्डात परतल्या. तुमच्याबद्दल उत्तर आलं, की राजीनामा स्वखुशीनं दिलेला असल्यामुळे नव्यानं अर्ज करावा. नव्या नेमणुकीला लेखी परीक्षा असते. हे वाचून तुम्हाला काय वाटेल ते मला कळतं. तरी लिहिलं, कारण तुमच्यापासून आता काही लपवायचं नाही.

पाकिटात एक मराठीतला फॉर्म असेल. तुमच्या बाबतीत काय घडलं आणि तुम्हाला काय हवं आहे, ते त्यात लिहायचं आहे. नोकरी मागायची असेल तर अर्ज करते असं नका लिहू, परत द्या असं लिहा. माझ्यावर काय कारवाई करायची, तेही तुमच्या लिहिण्यावर ठरणार आहे. माझं लग्न व्हायचंय, नोकरी टिकायचीय, असं मनात आणून हात आखडता घेऊ नका. तुम्ही तसं कराल याची मला भीती वाटते.

माफी मी मागत नाही. मागितली तर तुम्ही लगेच देऊन टाकाल, आणि मी त्यावर समाधान मानून बसेन.

पत्राखाली "तुमची" असं लिहायची सवय आहे. आज तो शब्द लिहायचा हक्क मला नाही.

वर्षाली