रिकाम्या घरांतले पंखे

८ एप्रिल
सूर्यमाळजवळच्या पाड्यावरची बॅटरी तूर्त तिथेच राहणार. सौर प्रकल्पाचे इंजिनिअर संदीप यांनी सकाळी फोनवर दुजोरा दिला. पाण्याचा पंप तिच्यावरच चालतो. अट एकच – घरांतला वीजवापर सलग तीन दिवस शून्य दिसला, तर बॅटरी खालच्या पाड्याला. पण तशी वेळ येणार नाही म्हणाले. "ताई, हा आमचा सर्वांत शहाणा पाडा! ऊन जास्त झालं की खांबावर हिरवा दिवा लागतो, आणि लगेच घराघरांत वापर सुरू. संध्याकाळी कुणी बटणाला हात लावत नाही."
संध्याकाळी अंधारात बसणारा पाडा मी तरी पाहिलेला नाही.
ठाण्याहून संपादक धनेशचा मेसेज – शुक्रवारच्या पानाला हीच बातमी हवी, फोटोसह. पाठ दुखतेय. उद्या जीप.

९ एप्रिल
पाड्यावर माणूसच नाही! होळी करून सगळे पुन्हा वीटभट्टीवर गेलेत. उरलेत म्हातारी काळीआजी, म्हातारा नवशा आणि शेळ्या.
दुपारी हिरवा दिवा लागला. काळीआजी गळ्यातली किल्ल्यांची सुतळी सावरत उठली. एकेका घराचं कुलूप काढायचं, बल्ब आणि पंखा लावायचा, की पुढचं घर. दिवा लाल झाला की उलटी फेरी, सगळं बंद. मी मागे मागे, घामाघूम.
नवशा ओट्यावरून ओरडला, "बघा बाय! आमच्याकडं माणसाला वारा नाय, भिंतींना हाय!"
"तू गप रं. पंप गेला तर झऱ्यावर तू उतरशील?" मग माझ्याकडे वळली. "पोरांनी घरं माझ्या गळ्यात टाकलीत. येतील तेव्हा पाणी नको?"
"आजी, हे लिहू?"
"लिही की. मंग हंडाबी तूच आण."

१० एप्रिल
लिहायला बसले. झालं नाही. खालच्या पाड्याच्या बायकाही झऱ्यावरच उतरतात. छापलं तर यांचं पाणी जातं, न छापलं तर त्यांचं येत नाही. चहा दोनदा गार झाला.

११ एप्रिल
धनेशचे फोनवर फोन. शेवटी जव्हारच्या एसटी डेपोतल्या बंद पाणपोईवर मजकूर पाठवला. "आणि विजेचं?" "एक दुजोरा बाकी आहे." इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच खोटं वापरलं.

१७ एप्रिल
संदीपचा फोन. "ताई, पाड्यावर काल-आज सगळं शून्य. मीटर तर ठीक आहेत. उद्याही असंच राहिलं तर बॅटरी उचलायला गाडी पाठवावी लागेल."
संध्याकाळी नवशा दारात! काळीआजी परवा उन्हात चक्कर येऊन पडली. इथेच जव्हारला दवाखान्यात, सलाइन चालू आहे. शुद्धीत आहे, नर्सशी भांडतेय म्हणाला. किल्ल्यांची सुतळी त्याने माझ्या हातात ठेवली.
"मला त्या बटणांचं भ्या वाटतं. ती बोलली, लिहिणाऱ्या बाईला दे. लिहिलं नाय ना, मंग हे तरी कर म्हणावं. पंखा मोठा ठेवायचा."
मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. तो किल्ल्या ठेवून गेला.

१८ एप्रिल
धनेशला सकाळीच कळवलं – ती बातमी माझ्याकडून येणार नाही. पाड्याकडे जाणाऱ्या पहिल्या जीपमध्ये जागा मिळाली आहे. दुपारी हिरवा दिवा लागेल.