बाल्दिरीच्या सहाशे बाटल्या

मी, रेमेई वाल्कोर्बा, वय वर्षे एकोणऐंशी, मुक्काम सान सादुर्नी, छातीने अधू पण डोक्याने ठणठणीत, कोणाच्याही दडपणाशिवाय (आणायची हिंमत आहे कोणात?) हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवत आहे.

१. राहते घर व चर्चमागचा द्राक्षमळा धाकटा भाऊ बाल्दिरी यास द्यावा. वडिलांची तशी इच्छा होती. माझी नव्हती.

२. घराखालचे तळघर, बाटल्या उलट्या खोचायच्या लाकडी घोड्यांसह, माझी मदतनीस नेउस त्रेपात हिला द्यावे. एकतीस वर्षे तिने आणि मी तिथे उलट्या ठेवलेल्या बाटल्या रोज हाताने थोड्या थोड्या फिरवल्या. तेव्हा कुठे गाळ मानेत उतरतो आणि वाइन नितळ होते. बाल्दिरी खाली यायचा तो पाहुण्यांना मिरवायला.

३. फ्रान्सवाल्यांनी 'शॅम्पेन' हा शब्द आम्हाला लावू दिला नाही, तेव्हा आमच्या वाइनला 'कावा' नाव पडले. कावा म्हणजे तळघरच, त्यामुळे मला ते आवडले. लेबले नव्याने छापली. जुन्यावर 'बाल्दिरी आणि रेमेई वाल्कोर्बा' होते. नव्यावर एकटा बाल्दिरी. जाब विचारला तर म्हणाला, "अगं ताई, जागाच उरली नाही. आणि बाटली कुणी फिरवली हे विचारतंय कोण?"

"मी विचारतेय ना, मेल्या!"

त्याला चौदा वर्षे झाली. मी माफ केलेले नाही, आताही करत नाही.

४. मुलीच्या लग्नासाठी बाल्दिरीने राखलेल्या, गाळ मानेत उतरून फक्त तो काढायचा राहिलेल्या सहाशे बाटल्या त्यालाच द्याव्यात. मात्र गेल्या पंधरवड्यात मी खुर्चीत बसून त्यातली एकूण एक खळखळून हलवली आहे, आणि सगळ्या आडव्या ठेवल्या आहेत. किती फिरवली हे कळावे म्हणून बुडावर ओढलेली पांढरी खूणही पुसली आहे. नेउस एकेक हातात देत म्हणत होती, "बाई, पाप लागेल हो!" लागू दे. डॉक्टरांनी मला आठ दिवस दिलेत, लग्नाला महिना आहे.

५. एवढ्या वेळात गाळ पुन्हा उतरवणारे हात नेउसचेच. दोघांची नावे, माझे आधी, असलेले छापील लेबल हाती पडल्याशिवाय तिने तळघराचे कुलूप काढू नये. नसेल जमत, तर बाल्दिरीने व्याह्यांना गढूळ पाजावी.

साक्षीदार: इसिद्रे बात्ये, औषधविक्रेते, कार्मे ओलिवेया, शेजारीण.
सान सादुर्नी, ४ नोव्हेंबर १९८६.

सही: रेमेई वाल्कोर्बा
(कागदावर जागा भरपूर आहे, म्हणून मोठ्या अक्षरात.)