उलट्या आट्यांचा हूक

३ नोव्हें., सोमवार
रेस ट्रॅकवाल्यांचा मेल. पुढच्या बाजूला टो हूक नसेल तर गाडी आत घेणार नाहीत. मागं आहे, पण तो चालणार नाही. गाडी ट्रॅकच्या कडेच्या खडीत रुतली की तोंडाकडून ओढून काढतात म्हणे. गेल्या खेपेला शिकवणीचा दिवस होता, त्यांचीच गाडी, म्हणून हे काही कळलंच नाही.

जेवताना अण्णांना विचारलं. सासरे म्हणून नव्हे, जन्मभर एसटी चालवलेला माणूस म्हणून.
"पुढून ओढायची पाळी का यावी?"
"आली तर?"
"आली तर ओढायचीच की. गाडीला काय लाज असती व्हय."
सुनील फक्त हसला. तो कॉलेजात शिकवतो, गाडीच्या भानगडीत पडत नाही. पण बायको ट्रॅकवर जाणार म्हटलं की जेवण कमी होतं त्याचं.

६ नोव्हें.
शेवटचा पेशंट गेल्यावर दवाखान्याच्या मागं गाडीशी. बंपरवर उजवीकडं एक चौकोनी झाकण आहे, वर्षभर रोज बघते, कधी उघडलं नव्हतं. दात तपासायच्या जुन्या प्रोबनं अलगद निघालं. आत अंधारं भोक. माऊथ मिरर घातला, टॉर्च धरली. आटे दिसले. दाढेत बघितल्यासारखंच वाटलं, फक्त इथं कुणी आ-ऊ करत नाही.

आट्यांवर काळा रंग लागलाय. कंपनीतून असा येत असेल? आणि भोक झाकणाच्या बरोबर मागं नाही, जरा खाली सरकलंय.

९ नोव्हें., रविवार
हूक आला. लाल, जड, पुढं घडी पडणारी कडी. आल्या आल्या फिरवायला गेले. धरेचना. जोर लावणार तोच अण्णा म्हणाले, "उलटा फिरवून बघ." धरला! डावे आटे! असं का करत असतील?

रफिकभाईंना फोन. हायवेवर त्यांचं ट्रकचं गॅरेज, ही गाडी मात्र आवडीनं बघतात. म्हणाले, "ट्रकच्या डाव्या चाकाचे नट पूर्वी उलटेच यायचे, मॅडम. फिरत्या चाकानं सुटू नये म्हणून."
"पण हूक कुठं फिरतो?"
"वायररोप ताणला की पीळ सोडतो. त्या पिळानं हूक ढिला व्हायच्या ऐवजी आवळत असंल. माझा अंदाज हां, लिहून घेऊ नका."
घेतलं लिहून.

पण हूक दोन-तीन वेढे होऊन अडकला. पुढं जात नाही. परत काढला तर आट्यांत चंदेरी भुसा. जबरदस्ती नको. रूट कॅनॉल करताना दातात फाईल अडकली तर करतो का आपण जबरदस्ती?

१० नोव्हें.
रफिकभाईंकडं बंपर उतरवला.

बंपरच्या मागं आडवा अॅल्युमिनियमचा बीम असतो, हूक त्यातच बसतो. आमचा बीम उजवीकडं वेल्डिंग करून जोडलेला. वर काळा रंग फासलेला. म्हणजे ही गाडी कुठंतरी जोरात धडकली आहे. विकणारे हैदराबादचे गृहस्थ म्हणाले होते, एक ओरखडासुद्धा नाही. ओरखडा खरंच नव्हता.

मला राग यायला हवा होता. आला पण, थोडा. पण त्याहून जास्त… कुठं? कुणाच्या हातून? तेव्हा आत कोण होतं?

रफिकभाई: "टॅप मारून आटे साफ करतो, हूक बसवून देतो. पण ओढताना हा जोड टिकंल का, ते मी सांगणार न्हाय. अन् गाडी ठोकली तर हाच बीम तुमच्या अन् समोरच्याच्या मधी."
सुनील सगळं ऐकून म्हणाला, "बरं झालं आत्ता कळलं." जाऊ नको म्हणाला नाही. म्हणाला असता तर भांडले असते.

संध्याकाळी अण्णांनी सुतळी आणायला लावली. पुढच्या उजव्या चाकापासून मागच्या डाव्या चाकापर्यंत, मग उलट. दोन्ही कर्ण सारखे भरले. बीमच्या मागचा सांगाडा सरळ आहे. जीव भांड्यात पडला. दुसरा बीम शोधायचा.

१४ नोव्हें.
हैदराबादवाल्यांशी बोलले. ओशाळले. "हमने भी ऐसीच ली थी मॅडम." आधीच्या मालकाचा नंबर दिला. सोलापूरच्या बाई. सुलभाताई म्हणू.

लावू की नको करत लावला. मी उमरग्याहून बोलते, दाताची डॉक्टर, तुमची जुनी लाल गाडी माझ्याकडं आहे.
पलीकडून, "अजून चालते?"

साठी झाल्यावर स्वतःसाठी घेतली होती त्यांनी. कापडाचं दुकान मुलाकडं सोपवलं आणि दोनच सीटची गाडी आणली. नळदुर्गच्या अलीकडं, वळणावर, दुभाजकाला धडकली. मनगट मोडलं, बाकी काही नाही. त्या पडून असताना मुलानं गाडी विकली.
"काय झालं होतं?"
"सगळे म्हणतात, कुत्रं आडवं आलं असेल. मला कुत्रं आठवत नाही. ब्रेक मारला एवढं आठवतं. आणि मी हळू होते. हे कुणाला पटत नाही, पण मी हळू होते."

मग त्याच म्हणाल्या, "आता समोरून कशी दिसते? फोटो पाठवा ना."
बंपर नसलेला कसा पाठवणार. थांबले.

२० नोव्हें.
बीम मिळाला, पुण्याच्या एका भंगारवाल्याकडून, मागून ठोकलेल्या गाडीचा. पुढचा भाग अख्खा. रफिकभाईंनी बसवला. हूक हातानंच आत गेला, शेवटपर्यंत, लोण्यात गेल्यासारखा. पुन्हा काढला, पुन्हा बसवला. उगीच. शेवटी पान्यानं आवळला.

२३ नोव्हें., रविवार
अण्णांचा हट्ट: ओढून बघितल्याशिवाय जायचं नाही. रफिकभाईंची जीप, पट्टा, गॅरेजमागचं मोकळं पटांगण. गाडीत अण्णाच बसले. एवढ्या खालच्या सीटवर बसायला मांड्या दुमडून, माझा आणि रफिकभाईंचा हात धरून. बसल्यावर तोंडावर जे काय हसू आलं!
"झटका द्यायचा न्हाय," आतून रफिकभाईंना हुकूम, "पट्टा ताणू द्या, मग हळू."
पट्टा ताणला. हूक हूं की चूं नाही. गाडी निमूट निघाली. अण्णा पटांगणभर स्टेअरिंग धरून फिरले, आणि इंजिन बंद असताना खिडकीतून हात काढून साइड दिली.

सुलभाताईंना फोटो पाठवला. उत्तर: "लाल कडी शोभते."

३० नोव्हें., रविवार
ट्रॅक. हॉटेलवर येऊन लिहितेय. तपासणीवाल्यानं कडीत बोट घालून हिसका दिला, बरोबरची खूण केली. बस. एवढ्यासाठी सगळा महिना.

पहिल्या दोन फेऱ्या कशा गेल्या सांगता येणार नाही. गाडी असं काही करते हे मला माहीतच नव्हतं. हसत होते एकटीच हेल्मेटमध्ये.

जेवणानंतर, लांब सरळ रस्ता संपून उजवं वळण येतं तिथं ब्रेक दाबला आणि थेट डावीकडं खडीत. मला काही झालं नाही. चाकं रुतली. ट्रॅक्टर आला, कडीला पट्टा लावला. काचेतून बघत होते. कडी ताठ झाली, गाडी थरथरली, निघाली. हूक ज्यासाठी बसवला ते काम त्यानं चोख केलं. आनंद व्हायला हवा.

ट्रॅकवरचे शिकवणारे म्हणाले, घाबरून ब्रेक जोरात दाबला असशील. असेल. पण मी घाबरले नव्हते. वळण अजून पुढं होतं. बाकीच्या फेऱ्या सोडल्या.

३ डिसें.
सुनीलला खडीचं सांगितलं. उठून पाणी पिऊन आला, मग म्हणाला, "तुला नक्की काय वाटतं? तू चुकलीस की गाडी?"
माहीत नाही.

दुपारी सुलभाताईंचा फोन, कसं झालं विचारायला. सांगितलं.
"कुठल्या बाजूला गेली?"
"डावीकडं."
"दुभाजक उजवीकडं होता माझ्या," म्हणाल्या. "मला नेहमी वाटतं, आधी ती डावीकडं ओढली गेली. ती सावरताना मी उजवीकडं फिरवलं. हे कुणाला बोलले नाही. कोण ऐकणार?"

५ डिसें.
रफिकभाईंनी पुढची दोन्ही चाकं उतरवली. पॅड, डिस्क, पाइप. सगळं बरं दिसतं. पाच-सहा वेळा ब्रेक दाबून बघितला, सरळ थांबते. "आतून काय असंल तर बाहेरून दिसणार न्हाय. रोज होत न्हाय, तेच अवघड. एकदा हाताला लागलं पायजे." तोवर रस्त्यावर काढायची नाही. कबूल.

७ डिसें., रविवार
सुलभाताई आल्या, सोलापूरच्या बसनं. घरी सांगून आल्या नाहीत. अण्णा स्टँडवरून घेऊन आले. ठेंगण्या, पांढरे केस, एक मनगट जरा वाकडं. चहासुद्धा घेतला नाही, आधी गॅरेज.

गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेटवर हात ठेवला. मग माझ्याकडं वळून, "किल्ली?"
मी रफिकभाईंकडं बघितलं. ते अण्णांकडं. अण्णा म्हणाले, "पटांगण मोकळंय. धडकायला काय न्हाय तिथं."

दिली. मी शेजारी बसले. ताईंनी सीट पुढं ओढली, आरसा खाली केला. सावकाश निघाल्या. थोडा वेग, ब्रेक. सरळ. पुन्हा. सरळ. त्यांचा चेहरा पडला. माझाही पडला असणार.

पुन्हा. ह्या वेळी गाडी डावीकडं ओढल्यासारखी झाली, दोघींचे खांदे एकदम उजवीकडं गेले. जरासेच. बाहेरून रफिकभाई ओरडले, "सरळच थांबली की!"

ताईंनी माझ्याकडं बघितलं. "वाटलं तुम्हाला?"
"वाटलं. पण बहुतेक… खड्डा असेल."
"असेल," म्हणाल्या, आणि गाडी मागं घेतली. "परत बघू."