गॅरेजला दिलेली गाडी

आबा, आज वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या पोरीची स्कूटर परत आली, आणि मला तुमचा इतका राग आला की कणीक तशीच झाकून लिहायला बसले. मी शाळा लवकर सोडली, पुढचं वाचणं-लिहिणं रद्दीच्या पेपरांवर शिकले, तेव्हा चुका निघतील. पण बोलायचं ते उघड बोलते, तुमच्यासारखं झाकून ठेवत नाही.

आपली स्कूटर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर आली होती. खडकीच्या क्वार्टरसमोर, कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत, तुम्ही ती पिवळ्या फडक्यानं पुसायचात, आरशापासून सुरुवात करून. आई म्हणायची, "माझ्या तोंडाकडे कधी एवढं बघितलं नाही." मग कॉम्प्युटर क्लासचं वारं आलं. धाकट्याला तुम्ही बुधवार पेठेतल्या क्लासला घातलंत, फी एकरकमी भरलीत, आणि पुढं कधीतरी एका पगाराच्या दिवशी पायी घरी आलात. "गाडी गॅरेजला दिलीय," म्हणालात. पुढच्या पगारालाही ती गॅरेजलाच. आई भाकरी थापता थापता विचारते, "अहो, गॅरेजवाला अंडी उबवायला बसलाय का तिच्यावर?" तुम्ही हसता, आम्हीही हसतो. फडकं खिळ्याला लटकलेलं असतं, कोरडं.

खरं कळलं ते तुम्ही गेल्यावर. पुण्यानुमोदनाला तुमच्या शेजारच्या मशीनवरचे काका आले होते, त्यांनी सांगितलं. कारखान्याच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर पगाराच्या दिवशी एक माणूस बसायचा, व्याजानं पैसे द्यायचा. "साहेब, जामीन नको, अर्ज नको. गाडीचं पुस्तक ठेवा आणि या कोऱ्या फॉर्मवर एक सही करा," इतकं गोड. क्लासची फी तुम्ही त्याच्याकडूनच उचललीत. हप्ते चुकले तशी त्यानं गाडी ठेवून घेतली आणि त्याच सहीवर परस्पर विकून टाकली. आणि टपरीसमोरचा रस्ता ओलांडला की कामगारांची पतपेढी! तिथं आपल्या हक्काचं, कमी व्याजाचं कर्ज होतं. लागायचे फक्त दोन जामीनदार, कारखान्यातल्या आपल्याच खात्यातले. काका डोळे पुसत म्हणाले, "ताई, माझ्या घराच्या कर्जाला तुझे वडील जामीन होते. मला नुसतं म्हणाले असते, तरी मी सही केली असती." अर्ध्या खात्याला जामीन राहिलात आबा, आणि स्वतःसाठी कुणापुढं तोंड उघडलं नाहीत. दोन माणसांना कळू नये म्हणून गाडी घालवलीत, झोप घालवलीत, आणि माझं मत विचाराल तर जीवही त्यातच घालवलात. धाकटा त्याच क्लासच्या जोरावर हिंजवडीला लागला. आईनं शेवटपर्यंत त्याला काही सांगू दिलं नाही. त्याला अजून वाटतं, स्कूटर जुनी झाली म्हणून भंगारात दिली.

मधे ही वरची पोरगी सकाळी पायीच बसस्टॉपकडे निघालेली दिसली. "गाडी कुठंय गं?" "सर्व्हिसिंगला दिलीय, मावशी." आठवड्यानं विचारलं, तरी तेच. मी जिन्यातच तिची वाट अडवली. "कोणाकडे ठेवलीस ते सांग." ती पायरीवर बसून सांगायला लागली. आईच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले होते. तेच गाडीचं पुस्तक, तीच कोऱ्या फॉर्मवरची सही. मुद्दल केव्हाच फिटलेलं, व्याज काही संपेना, म्हणून त्यानं गाडी उचलून नेलेली. "प्लीज घरी सांगू नका. ऑफिसमध्ये कळलं तर केवढा इश्यू होईल!" मी म्हटलं, "होऊ दे. कळल्यानं कोणी मरत नाही. न कळल्यानं मेलेला माणूस माझ्या घरात होता."

तिला घेऊन सहकार खात्याच्या उपनिबंधकांच्या ऑफिसात गेले. सावकारीची तक्रार तिथं करतात, हे मी पेपरात वाचून ठेवलं होतं. टेबलामागच्या माणसानं चष्म्यावरून बघितलं. "परवाना बघितला होतात का त्याचा?" पोरगी म्हणाली, नाही. "छान. कोथिंबिरीची जुडी आपण चारदा उलटून बघतो." पण टोमणा मारला तरी अर्ज त्यानंच नीट लिहून घेतला. फोनवरून हप्ते पाठवल्याचे पुरावे जोडायला लावले, आणि धमकी आली तर सरळ पोलीस चौकीत जायला बजावलं. त्या सावकाराकडे परवाना नव्हताच. चौकशीची नोटीस मिळाली तशी त्यानं आज स्कूटर आणि पुस्तक निमूट दारात आणून सोडलं. तक्रारीच्या दिवशी निघताना मी त्या ऑफिसातल्या माणसाला विचारलं होतं, "हे तुमचं ऑफिस पूर्वीही होतं का हो? आमच्या वडिलांच्या वेळी?" "होतं की. लोकच येत नव्हते."

तुम्हाला फक्त रस्ता ओलांडायचा होता आबा. नाहीतर या ऑफिसाकडे येणारी एक बस पकडायची होती. त्या सावकाराला मी आयुष्यभर शिव्या घातल्या. आता त्यातल्या निम्म्या तुमच्या नावानं वळवाव्या लागतील, आणि तेच सोसत नाही.

हे पाठवणार कुठं? ट्रंकेत तुमचं पिवळं फडकं आहे, त्याच्या घडीत ठेवून देते. फक्त एक सांगायचं राहिलं. मघाशी पोरगी हसत दारात आली, गाडी धुळीनं भरलेली. "मावशी, पुसायला एखादं फडकं द्या ना." मी म्हटलं, "नाहीये गं," आणि दार लावून घेतलं.