नाताळातले लुगडे

सोलापूर,
ता. ४ ऑगस्ट १९३५

ती. आबादादांस मथुरेचा कृतानेक सलाम. वि. वि.

रेल्वेने तुमची बदली मद्रासेला केली आणि तुम्ही तिथून मरियामातेच्या सेनेचे वेड आमच्याकडे धाडलेत. ते लागले बरे. दर मंगळवारी फादरांच्या ओसरीवर आम्ही पाच बायका जमतो. प्रार्थना झाली की आठवड्यात कोणाच्या घरी भेटीला गेलो ते एकेकीने उभे राहून सांगायचे. पण त्या घरच्यांचे नाव घ्यायचे नाही. आमच्यातली बजाबाई विचारते, सेना आहे तर तलवारी कधी देणार.

विणकरांची सुंदरम्मा माझी जोडीदार. आम्हांला नागव्वाचे घर दिले आहे. ती मैंदर्गीकडची, नवरा वारलेला, घरी बसून मागवाल्यांच्या सुताच्या कांड्या भरते. दोन वर्षे मिस्सालाही देवळात पाऊल नाही, कारण लुगडे एकच, तेही फाटून दंड घातलेले. आणि तुमचा नियम म्हणतो, भेटीला जाताना पैसा, धान्य, कापड काही द्यायचे नाही. मग काय नुसते तोंड दाखवायचे? सेना निघाली त्या आयर्लंडात हा नियम शोभत असेल, आपल्याकडे नाही.

लोभ आहे तसा राहू द्यावा, पण नियमाचे उत्तर द्यावे.

आपली धाकटी,
मथुरा


मद्रास,
ता. १२ ऑगस्ट १९३५

चि. सौ. मथुरेस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. नियम मलाही टोचला होता. इथल्या फादरांना विचारले तर म्हणाले, मदत करणारी मंडळे निराळी आहेत, गरज दिसली तर त्यांना कळवा. सेनेने फक्त माणसाकडे जायचे. मला सगळे पटले असे नाही, पण तू मोडू नकोस. तुझा हात सैल आणि तोंड त्याहून सैल. लहानपणी आईची पितळी शेजारणीला दिलीस आणि दुपारपर्यंत गल्लीभर सांगून आलीस.

तुझ्या यजमानांची, कोंडीबारावांची गाडी रायचूरकडेच असते का? त्यांना सलाम. माया आहेच, पत्र पाठवीत जा.

तुझा,
आबादादा


सोलापूर,
ता. २ सप्टेंबर १९३५

ती. आबादादांस सलाम. वि. वि.

लिहायला हात धजत नाही. तुमचे ऐकले नाही. सुंदरम्माला न सांगता एकटी जाऊन माझे जांभळे लुगडे नागव्वाला देऊन आले. ती नको म्हणाली, मी बळेच मांडीवर ठेवले.

काल ती मिस्साला आली. डोक्यावर पदर घेऊन मागच्या रांगेत बसली होती. बजाबाई वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "अगं बया, हे मथुराबाईंचं नाताळातलं लुगडं की." बायका वळल्या. नागव्वा ख्रिस्तप्रसाद न घेताच उठून गेली.

पण दादा, खरी लाज याची नाही. बजाबाई बोलली तेव्हा मला राग यायला हवा होता. मला बरे वाटले. नागव्वाचे तोंड दिसेपर्यंत मला बरे वाटत होते.

आता तिचे दार बंद असते. रागवावेसे वाटले तर रागवावे, पण लोभ सोडू नये.

मथुरा


मद्रास,
ता. ८ सप्टेंबर १९३५

चि. सौ. मथुरेस आशीर्वाद.

रागावू कशाला? मी तुला नियम पाठवला, त्यामागचे कारण मलाच कळले नव्हते. तुझ्या पत्राने कळले, देणाऱ्याचे नाव झाले की घेणाऱ्याला तोंड लपवावे लागते, आणि मलाही लाज वाटली. पण नुसते लाजत बसल्याने नागव्वाचे काही भले होणार नाही. सुंदरम्माला घे आणि पुन्हा जा. तिने हाकलले तर हाकलून घे.

तुझा,
आबादादा


सोलापूर,
ता. २५ सप्टेंबर १९३५

ती. आबादादांस मथुरेचा सलाम. वि. वि.

सुंदरम्मा आणि मी दोनदा बंद दारावरून परतलो. तिसऱ्यांदा दार उघडे होते. नागव्वा कांड्या भरत राहिली. मी चुकले म्हणाले. हातातली कांडी भरून झाल्यावर तिने विचारले, "तुमी आमच्या घरी येता. तुमच्या घरी कोन येतं हो इचारायला?" मी म्हणाले, कोणी नाही. ती म्हणाली, "मग मी येते की." सेनेत नाव घालायलाही तिने तिथेच सांगितले.

रविवारी मिस्सा झाल्यावर ती सुंदरम्माबरोबर आमच्या घरी आली, तेच जांभळे लुगडे नेसून. गल्लीतल्या बायकांनी पाहिले, तिने त्यांच्याकडे पाहिले नाही. आमच्या घरचे गाडीवर गेलेले. मी चहा टाकायला उठले तर तिने मनगट धरून मला खाली बसवले आणि विचारले, "कसं चाललंय तुमचं?" दादा, मला सांगता येईना. रडूच आले. काय रडले ते विचारू नका. ती बसून राहिली. जाताना तिने काही दिले नाही, काही नेले नाही.

काल मंगळवारच्या सभेत ती पहिल्यांदाच उभी राहिली. म्हणाली, "एका बाईकडं गेले हुते. घर चांगलं हाय, पर बाई लई एकटी हाय. पुन्ना जाणार हाय." नाव घेतले नाही. मी मान खाली घालून बसले होते.

आपला लोभ असावा, ही विनंती.

आपली,
मथुरा