उलटी चिठ्ठी

६ ऑगस्ट ९६
पेण, रामवाडी. गणपतीचा कारखाना, ऑर्डरींचा फॉक्सप्रो प्रोग्रॅम माझाच. रद्द ऑर्डर खोडली की ओळ नुसती दिसेनाशी होते, जागा अडवून बसतेच. ती काढायला ‘पॅक’ ही आज्ञा चालवा, तोवर सगळं काम बंद, गिऱ्हाईकं ताटकळत. मालकीणबाई, म्हणजे वहिनी, वैतागल्या: "मॅडम, यंत्र हाय का जावई? दुपारभर झोपतंय!"
हसले. उपाय डोक्यात तयार आहे.

१० ऑगस्ट
जमलं! नवी ऑर्डर आता खोडलेल्या ओळीतच बसते, त्या ओळीच्या मूर्तीसकट. फाइल फुगत नाही, पॅकची कटकट गेली. हुशार आहे मी, कुणी म्हणो न म्हणो.

१२ सप्टें.
घोळ. वरसे गावचे किसनभाऊ, धाटावला कंपनीत आहेत. भावकीत सुतक पडलं म्हणून मागे मूर्ती रद्द केली. आज त्यांचा फोन: सुतक चतुर्थीआधीच फिटतंय, परवा मूर्ती न्यायला येतो. त्यांच्या ओळीत तर दुसरंच गिऱ्हाईक बसलंय. मूर्ती एक, धनी दोन.
वहिनी: "सुतकाच्या ऑर्डरची चिठ्ठी आम्ही फाडत नाय गो. त्या मूर्तीच्या पाटावर उलटी ठेवतो. फिटलं की सुलटी."
हे आधी सांगायला काय झालं होतं! मीही विचारलं नाही म्हणा.

१३ सप्टें.
दुरुस्त केलं. सुतकाची ओळ यादीत दिसणार नाही, पण विसर्जनापर्यंत दुसऱ्या कुणाला जाणारही नाही. पॅक तरीही नकोच. फक्कड झालंय.
पण किसनभाऊंचं काय? वहिनी दुसऱ्याला दिलेला शब्द मोडणार नाहीत. शिल्लक मूर्ती एकच, त्यांच्या मूर्तीहून वीतभर उंच, डोळे आखायचे बाकी. तीच द्यायची ठरली. सांगायचं मी. घोळ माझा ना.

१४ सप्टें.
सकाळीच वरशाला. किसनभाऊ रात्रपाळीवरून यायचे होते. त्यांच्या आईने हात धरून आत नेलं. "बघ गो, किसनानं मूर्तीच्या मापानं बांधलंय." मखर. बांबूचं, वर कळससुद्धा बसवलेला.
गुपचूप वीत लावून पाहिली. शिल्लक मूर्ती यात नाही मावत.
"काय मोजतंस?" म्हणाली.
तोंड उघडलं, तेवढ्यात अंगणात किसनभाऊंची स्कूटर. मागच्या सीटवर पाट बांधलेला, मूर्ती ठेवायला.